एमएस्सी रसायन आणि कथक विशारद एकत्र जमतं का? (म्हार्दोळ–ताळगाव–फोंडा)

घेरदार

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, आज लिहायला बसले.

मी गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर, एमएस्सी रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. घर म्हार्दोळला. कथक शाळेपासून शिकते, विशारद प्रथम झालं, आता विशारद पूर्ण द्यायचंय. घोडं अडलंय ते तारखांवर. संगीत-नृत्याच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. आमच्या सेमिस्टरच्या परीक्षाही नेमक्या त्याच दोन मोसमांत. त्यामुळे "या वेळी राहू दे, पुढच्या सत्राला बसू" म्हणायचीही सोय नाही, पुढच्या सत्राला तीच रड.

सकाळी बस धरून पणजी, तिथून दुसरी बस विद्यापीठात. प्रॅक्टिकल आवरून निघेपर्यंत पाच. क्लास फोंड्याला साडेसहाला, म्हणजे बस आमच्या घरावरून पुढे जाते आणि मी खिडकीतून घर बघत बसते. परत यायला नऊ. मग जेवण, मग जर्नल. आयएसए, म्हणजे सत्रातली चाचणी, आली की तेही कोलमडतं.

घरात दोन पक्ष आहेत. बाबा म्हणतात, दोन वर्षं घुंगरू पेटीत ठेव, पदवी घे, मग आयुष्यभर नाच. गुरू म्हणतात, दोन वर्षांनी डोक्याला सगळं आठवेल, पायांना नाही आठवणार. पुढच्या वर्षी डिझर्टेशन आहे, तेव्हा लॅबमधून मान वर काढता येणार नाही असं सीनियर सांगतात.

ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी लिहा. ज्यांनी एक सोडलंय त्यांनी तर नक्की लिहा. "मनाचं ऐक" हे मैत्रिणींनी सांगून झालंय, ते नको.

पेडणेकर_पात्रांव

वाचतोय. मुलगी अकरावी सायन्सला आहे, भरतनाट्यम शिकते. आमच्याकडे हेच महायुद्ध, फक्त माझी बाजू रोज बदलते.

अर्धी_मात्रा

बीएस्सी गणित आणि कथक बरोबरीनं केलं, आता दोन्ही शिकवते. थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे आठवड्याचा हिशोब मांडू नकोस, सत्राचा मांड. विज्ञानाच्या मुलांचा प्रत्येक आठवडा सारखा नसतो. सत्राच्या सुरुवातीला लॅब सुस्त असते, तेव्हा पायांचं काम करून घ्यायचं: तत्कार, लडी, चक्कर, दम वाढवणं. परीक्षा जवळ आली की फक्त राखण करायची, रोज अर्धा तास. आपल्याकडे मुलं उलटं करतात. ऑगस्टमध्ये गणेश चवथीच्या नादात रियाज बुडतो आणि नोव्हेंबरात रात्रीचे बारा वाजवतात.

दुसरं, बस. पढंतीला, म्हणजे बोल तोंडाने म्हणायला, जागा लागत नाही. परण, कवित्त, चक्रदार सगळं ओठांतल्या ओठांत म्हणता येतं, हाताने ताल धरता येतो. विशारदला लेखी पेपर आहे, त्याची ताललिपी मी बशीतच घोटली. शेजारची माणसं एकदा चमकून बघतात, दुसऱ्या दिवसापासून जागा धरून ठेवतात.

तिसरं, केंद्र व्यवस्थापकांशी आत्ताच बोल. आमच्या केंद्रावर लेखीच्या तारखा हलत नसत, पण प्रात्यक्षिकाला थोडी हालचाल करता यायची. परीक्षक बाहेरून येतात, दोन-तीन दिवस असतात, त्यात कोणाला कधी घ्यायचं हे केंद्रावर ठरायचं. सेमिस्टरचं वेळापत्रक हातात पडल्या पडल्या त्यांना नेऊन दाखवायचं. आदल्या आठवड्यात रडत गेलं तर कोणी उभं करत नाही.

कडू_कारलं

गोड बोलणारे बरेच येतील, म्हणून मी माझं काम करतो.

संशोधनात पंचवीसेक वर्षं आहे, लॅबमध्ये मुलं घेतो. एमएस्सीची दोन वर्षं म्हणजे रसायनशास्त्र खरंच हाताला लागतं तो काळ. मिश्रणातली द्रव्यं वेगळी करणारा सिलिकाचा कॉलम चालू आहे, पट्टा अर्ध्यावर उतरलाय, आणि विद्यार्थिनी म्हणते "सर, साडेसहाला क्लास आहे". कॉलम कोरडा पडला, भेगा गेल्या, दिवसाचं काम मोरीत. कॉलमला क्लास कळत नाही.

शिवाय सीएसआयआर नेट आहे, संशोधन आणि प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा. तीही साधारण जून आणि डिसेंबर. म्हणजे तुझ्या दोन परीक्षांच्या बोकांडी तिसरी. तिन्हीकडे पन्नास-पन्नास टक्के काम करून पुढे काय? नाच छंद म्हणून ठेव, परीक्षा कशाला हव्यात? प्रमाणपत्राशिवाय पाय उचलत नाहीत का?

लिंबाचं_लोणचं

कारलंकाका, कॉलम लावून तुम्ही चहाला जात नाही असं शपथेवर सांगा. हलके घ्या.

कडू_कारलं

जातो. स्टॉपकॉक बंद करून जातो.

मांडवीकाठ

कारलंकाकांचा शेवटचा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देऊ नये. घेरदार, तुला विशारद का हवंय? पुढे क्लास काढायचाय, शिकवायचंय, तर पदवी लागते, पालक पहिला प्रश्न तोच विचारतात. मंचावर नाचायचंय तर विशारदपेक्षा रियाज आणि कार्यक्रम महत्त्वाचे. आणि नुसतं "एवढं केलं, आता शेवटचं का सोडू" असं असेल तर तेही कारण आहे, पण मग घाई कसली?

मी स्वतः भरतनाट्यम सोडलं. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी, मग नोकरी. अरंगेत्रमचा, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्याचा, खर्च ऐकून घरचे गार पडले होते, हेही होतंच: वादक, साड्या, दागिने, हॉल, जेवण. लोक सांत्वन करायला येतात तसं काही वाटत नाही मला. कार्यक्रम बघायला जाते, मागच्या रांगेत बसून बोटांनी जती मोजते, घरी येऊन झोपते. सोडणाऱ्या सगळ्याच जणी रात्री उशी भिजवत नाहीत, एवढंच नोंदवते.

घेरदार

मांडवीकाठ ताई, शिकवायचंय. खरं तर दोन्ही शिकवायचंय. कॉलेजात रसायन आणि संध्याकाळी कथक.

लिंबाचं_लोणचं

म्हणजे पोरांना दोन्हीकडे तूच नापास करणार.

खुटखुटीत

हाडांचा डॉक्टर आहे. कोणी वेळापत्रकाच्या पलीकडे बोलत नाही म्हणून विचारतो: घरी रियाज कशावर करतेस?

आपल्याकडे जुन्या घरांत शेणाची जमीन असायची, ती थोडा मार गिळायची. आता खाली आरसीसीचा स्लॅब, वर व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यात तसूभरही लवचीकपणा नाही. कथकमध्ये पूर्ण तळवा आपटतो, टाच आपटते, तेही शेकड्यांनी. तो मार नडगीतून गुडघ्यापर्यंत जातो. वर तू दिवसभर लॅबमध्ये उभी आणि बशीतही बहुधा उभीच.

नडगीच्या आतल्या कडेला लांबट पट्ट्यात दुखतंय, विश्रांतीने कमी होतंय, तर ते स्नायू-अस्थिआवरणाचं दुखणं. बर्फ, विश्रांती, रियाज कमी, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर थांबायचं आणि दाखवायचं. हाडाला केसाएवढी चीर असू शकते. सुरुवातीला एक्स-रेत ती बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून नाचत राहिलेल्या मुली नंतर प्लास्टर घालून परीक्षेचा हॉल गाठतात.

माझ्याकडे नाचणारी मुलं येतात ती नेमकी परीक्षेच्या तोंडावर. दोन महिने पाय घरात, आणि शेवटच्या पंधरवड्यात रोज तीन तास. अर्ध्या मात्रेने वर जे लिहिलंय की आधी पायांचं काम करून घ्या आणि शेवटी राखण करा, ते वेळेसाठी लिहिलंय, पण हाडांसाठीही तेच खरं.

टाइल्सवर थेट नाचू नकोस. खाली रबरी मॅट, वर प्लायवूड. तेवढ्यानंही फरक पडतो.

घेरदार

डॉक्टर, टाइल्सच आहेत. 🙈 उजव्या नडगीला दुखतं पण पट्ट्यात, एका जागी नाही. आज बोटाने दाबून बघितलं.

वाट_चुकलेला_बोकडो

माझाही अनुभव. पेडण्याकडचा आहे, गावात शिगम्याला घोडेमोडणी करतो. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, डोक्यावर फुलांचा मुकुट, पायांत घुंगरू, आणि ढोल-ताशांवर मागेपुढे पदन्यास. हे केलं की गावात मान. पुरुष नाचतात म्हणून कोणी हसत नाही, उलट तरणीताठी पोरं नंबर लावून असतात.

तोच मी इंजिनियरिंगला असताना कथक शिकायला लागलो, तेव्हा हॉस्टेलात महिनाभर टिंगल. घुंगरू तेच, पाय तेच. तेव्हा मला अभ्यासाचा ताण नव्हता, लपवालपवीचा होता. बॅगेत ड्रॉइंगच्या शीटखाली घुंगरू गुंडाळून न्यायचो, चाललो की छुन्न. शेवटी थर्ड इयरला गॅदरिंगमध्ये तराणा केला आणि विषय संपला. त्यानंतर घुंगरू बॅगेवर बांधून जायचो.

देवचाराची_वाट

वय झालं आहे, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मुलगी म्हार्दोळची आहे म्हणून लिहावंसं वाटलं. फोंडा महालातली आपली मोठी देवळं, मंगेशी काय, म्हार्दोळची म्हाळसा काय, सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या गावांतून खाडी ओलांडून इथे आली. म्हाळसा वेर्ण्याची, मंगेश कुठ्ठाळीचा. या देवळांच्या सेवेत कलावंत घराण्यांतल्या बायका गायच्या, नाचायच्या. पालखीपुढे, चौकात, उत्सवांत. गोव्याने हिंदुस्थानी संगीताला जी माणसं दिली त्यांतली कितीतरी याच वातावरणातून वर आली. पण त्या बायकांच्या वाट्याला जे जिणं आलं ते काही कौतुकाचं नव्हतं. पुढे समाजात सुधारणेचं वारं आलं तेव्हा घराघरांत ठरवून घुंगरू उतरवले गेले. मुलगी शाळेत जाईल, मास्तरीण होईल, डॉक्टर होईल, नाचणार नाही. ही काही जुनाट माणसांची अडवणूक नव्हती. मान मिळवायची ती वाट होती, आणि ती वाट पाटी-पुस्तकातून जात होती.

गाणं त्यातून टिकलं, त्याला मैफलीत बैठक मिळाली. नाच मात्र मधल्या काळात घरातून गेला तो गेला, आणि परत आला तो परीक्षा, प्रमाणपत्र, क्लास असा शहाण्या वेषात. आता तोच नाच सगळ्या समाजांतल्या मुली शिकतात, हे चांगलंच. पण गोव्यातल्या पुष्कळ घरांत नाचाबद्दलचा जो अवघडलेपणा आहे तो थेट बोलला जात नाही, "अभ्यास आहे" असं म्हणून बोलला जातो. बाळ, तुझ्या बाबांच्या मनात हे असेलच असं नाही. पण एकदा तारखा बाजूला ठेवून त्यांच्याशी बोल.

पेडणेकर_पात्रांव

काका, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

कडू_कारलं

इतिहास मान्य. पण सगळ्या बापांच्या मनात सोळावं शतक नसतं हो. काही बापांच्या मनात रात्रीची शेवटची बस असते.

कुडचडे_लोकल

अवांतर: देवचारकाकांनी गाण्याचं काढलं म्हणून. आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यात भारतातून त्यांचं गाणं गेलं. केरीची बाई सूर्यमालेबाहेर पोचली आणि आम्ही म्हार्दोळ-फोंडा बशीवर चर्चा करतोय.

शून्य_केल्व्हिन

अवांतरात दुरुस्ती. व्हॉयेजर-१ ने २०१२ च्या ऑगस्टमध्ये हेलिओपॉज ओलांडला, म्हणजे सौरवाऱ्याचा प्रभाव संपतो ती सीमा. सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्याच्याही फार पुढपर्यंत पोचतं, उर्ट मेघ, म्हणजे सूर्यमालेच्या टोकाचं बर्फाळ गोळ्यांचं कवच, अजून यायचाच आहे. त्या हिशोबाने बाई अजून सूर्यमालेतच आहेत.

कुडचडे_लोकल

वेशीबाहेर तरी पडल्या ना? मग झालं.

शून्य_केल्व्हिन

वेशीबाहेर पडल्या, हद्द संपायची आहे. 🙂

आलोच आहे तर विषयाला धरून थोडं. भौतिकीवाला आहे, बायको कथक करते, त्यामुळे घरात चक्कर बघून बघून यावर विचार झालाय. चक्कर घेताना हात छातीशी आणले की वेग वाढतो, कारण जडत्व-आघूर्ण कमी होतं आणि कोनीय संवेग तेवढाच राहतो, हे अकरावीला आहे. मजा पुढे आहे. अंगरख्याचा घेर उडाला की वस्तुमान बाहेर जातं, म्हणजे वेग कमी व्हायला हवा, शिवाय हवेचा अडथळा. म्हणून साध्या ड्रेसवर एकवीस चक्कर सहज घेणारी मुलगी पोशाखात सतराव्याला डगमगते. पोशाखात रियाज करा असं गुरू सांगतात त्याच्या मागे हे आहे.

आणि भोवळ: आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका, त्यांत द्रव. आपण थांबलो तरी द्रव फिरत राहतो, मेंदूला वाटतं अजून फिरतोय. नर्तक मान शेवटी वळवून नजर एका खुणेवर परत आणतात, त्याने मेंदूला आधार मिळतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये बॅले नर्तकींवर केलेला अभ्यास आहे. सरावाने त्यांच्या मेंदूतच ही भोवळ दबलेली आढळली.

घेरदार, हे सगळं सांगायचं कारण, तुझ्या गुरूंचं "पाय विसरतात" अर्धंच आहे. कानही विसरतो.

अर्धी_मात्रा

आणि गणित राहिलं की! तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. सोळा मात्रांच्या तीनतालात पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम म्हणजे थांबा, पुन्हा पाच, एक, पुन्हा पाच. बेरीज १७. समेवरून उचललंत तर सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. दम नको, बेदम तिहाई हवी, तर १७ ला तीनने भाग जात नाही. मग दोन आवर्तनं घ्या, ३३, अकरा-अकराचे तीन पल्ले. विद्यार्थ्यांना मॉड्युलो अंकगणित मी असंच शिकवते. पेपरात सगळे बरोबर सोडवतात, वर्गात बाक मात्र बडवतात.

लिंबाचं_लोणचं

मी रसायनवाला असून माझ्या वाटणीला काहीच आलं नाही. एकच: नायट्रिक ॲसिडने बोटं पिवळी झाली की पताक, त्रिपताक, कर्तरीमुख सगळ्या हस्तमुद्रा पिवळ्या. आणि सिल्व्हर नायट्रेट सांडलं की काळं. आमच्या बॅचच्या एकीने कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सिल्व्हर नायट्रेट वापरून क्लोराइडचं टायट्रेशन केलं होतं. डाग आलत्याखाली झाकायला निघाली तर बोटाचं टोकच असं काळंकुट्ट की आलत्यावरही उठून दिसे. ग्लोव्हज घाल गो बाय.

काणकोणची_मावशी

ह्या धाग्यावर यायचं का नाही विचार करत होते, मी शिकलेली कमी. आमच्याकडे पौषात धालो असतात. दिवसभर शेतात, काजूत, घरात राबायचं आणि रात्री मांडावर, नाचाच्या ठरलेल्या जागी, जाऊन दोन ओळी समोरासमोर धरून नाचायचं, गायचं. शेवटच्या दिवसापर्यंत रात्र रात्र. चवथीला फुगड्या. माझी आवय तर सकाळी परत मळ्यावर. कोणी तिला विचारलं नाही की काम आणि नाच कसं जमवतेस. नाचली नाही तर विचारलं असतं, आजारी आहेस का.

तुमचा नाच परीक्षेचा आहे, पाहुणे बघतात, मार्क देतात, म्हणून जड होतो का? मांडावर बघणारं कोणी नसतं, सगळ्याच नाचतात.

बरें केलें गो बाय शिकतेस तें. सोडूं नाका.

घेरदार

मावशी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने फोन हातातून घेऊन परत वाचला.

रेतीबंदर

मावशींचं बरोबर असलं तरी नाच परीक्षेचा झाला तो काही उगाच नाही. कागद असला की दारं उघडतात. दोन उपयोगाच्या गोष्टी:

केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. शास्त्रीय नृत्य त्यात येतं. अर्ज वेळेवर भरायचा. बसभाडं, क्लासची फी, पोशाख निघून जाईल, आणि बाबांपुढे बोलायला जरा बळ येईल.

दुसरं, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करायला मुभा दिली आहे, वर्गांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत ही अट. तुझी अडचण नेमकी तीच असल्यामुळे तुला लगेच उपयोग नाही, पण नंतर नृत्यात पदव्युत्तर करायचं झालं तर लक्षात ठेव.

पेडणेकर, तुमच्या मुलीसाठी: नव्या शैक्षणिक धोरणानुसार गोव्यातल्या कॉलेजांत २०२३-२४ पासून पदवीची रचना बदलली, विज्ञानाच्या मुलांनाही शाखेबाहेरचे विषय घ्यावे लागतात. कुठल्या कॉलेजात काय देतात ते प्रॉस्पेक्टसमध्ये बघा.

मांडवीकाठ

कोणीतरी नर्तिका मल्लिका साराभाईंचं उदाहरण देणार म्हणून वाट बघत होते, अजून आलं नाही. प्रगती आहे.

वाट_चुकलेला_बोकडो

मीच देणार होतो!

कडू_कारलं

देऊ नका. वडील विक्रम साराभाई, आई मृणालिनी साराभाई, घरचीच नृत्यसंस्था. त्या घरात विज्ञान आणि नाच एकाच टेबलावर जेवायचे. आमच्या मुलांना फोंड्याची बस धरायची असते. उदाहरण द्यायचंच तर आनंदा शंकर जयंत यांचं द्या. भारतीय रेल्वेत वाहतूक सेवेतल्या अधिकारी, नोकरी सांभाळून भरतनाट्यम आणि कुचिपुडी, पद्मश्री मिळाली. त्या नोकरी करत होत्या, सबबी सांगत नव्हत्या.

लिंबाचं_लोणचं

काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?

कडू_कारलं

कॉलमच्या.

बरं, घेरदार, आता नीट ऐक. मी नको म्हटलं तरी तू करणार हे दिसतंच आहे, तेव्हा निदान शहाणपणाने कर. डिझर्टेशनचा विषय निवडताना "कुठला सोपा" असं बघू नकोस, कामाचा दिवस कसा असतो ते बघ. सिंथेसिस घेतलंस तर रिॲक्शन तुझं वेळापत्रक ठरवणार. संगणकावरची गणनं, किंवा स्पेक्ट्रा आधी नोंदवून नंतर विश्लेषण असं काम असेल तर संध्याकाळ तुझ्या हातात राहते. आणि गाइडना पहिल्याच भेटीत परीक्षेच्या तारखा कागदावर लिहून दे. आम्हा लोकांना विद्यार्थी नाचतो याचा राग नसतो, अचानक गायब होतो याचा असतो. तारीख आधी कळली तर मीसुद्धा सोडतो. नेटचं माझं मत तेच आहे, ते बदलणार नाही.

घेरदार

सगळ्यांचे आभार, आठवडाभर इथे डोकं लावून बसले होते. काय झालं ते लिहिते.

देवचारकाकांचा प्रतिसाद वाचून बाबांशी बोलले. बाबा ऐकून घेत राहिले, मग आजीच मध्ये पडली, "त्याला नाचाचं काही नाही, त्याला रात्री नवाच्या बसचं आहे." बाबांनी नाही म्हटलं नाही. म्हणजे कारलंकाका जिंकले. काकांचा इतिहासही वाया गेला नाही, कारण त्यानंतर आजीने तिच्या लहानपणीच्या पालखीबद्दल जे सांगायला सुरुवात केली ती जेवणं होईपर्यंत. ते इथे लिहीत नाही, तिची परवानगी नाही.

गुरूंनी क्लास हलवून दिला. आता आठवड्यात फक्त बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी दोन क्लास जोडून. बुधवारी बाबा फोंड्याला न्यायला येणार, ते काय स्कूटरवर वीस मिनिटं बडबडतील ती वेगळी गोष्ट. विशारद पूर्णला याच एप्रिल-मेला बसतेय, कारण डिझर्टेशनच्या वर्षी हे जमणार नाही हे आता पटलंय. केंद्रावर जाऊन सेमिस्टरच्या तारखा देऊन आले. त्यांनी वहीत लिहून घेतल्या, पुढचं तेव्हा बघू. शिष्यवृत्तीचा अर्ज शोधतेय. नेट यंदा नाही, काका ओरडतील.

आता पुढचा प्रश्न, खुटखुटीत डॉक्टरांमुळे आलेला: प्लायवूड कुठलं घेऊ? खोली लहान आहे, खाली भाडेकरू राहतात.

कडू_कारलं

ओरडलो असं समज.

रेतीबंदर

१८ मिलीमीटरचं घे. १२ चं पायाखाली वाकतं आणि कडेला उडतं. आठ बाय चारचे दोन शीट जोडून आठ बाय आठ होतील, चक्करांना तेवढी जागा हवीच. जोड मध्ये येतो तिथे खालून पट्टी मार, वरून नुसता टेप लावलास तर घुंगरात अडकतो.

खुटखुटीत

खाली रबर सलग नको, पट्ट्या घाल, मधे हवा राहिली पाहिजे. तरच ते दबतं.

कुडचडे_लोकल

आणि साधं कमर्शियल प्लाय घेऊ नकोस, गोव्याचा पाऊस आहे. जूनमध्ये फुगतं, ऑगस्टमध्ये पापुद्रे सुटतात, चवथीपर्यंत वाळवी येऊन आशीर्वाद देते. बीडब्ल्यूपी ग्रेड माग, मरीन म्हणतात ते. महाग पडेल. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उचलून भिंतीला उभं कर.

वाट_चुकलेला_बोकडो

भाडेकरूंना पहिल्या दिवशी जाऊन तिहाई समजावून सांग. तीनदा झालं की संपतं हे कळलं की माणूस धीर धरतो.

काणकोणची_मावशी

आमच्या अंगणात ये. खाली कोणी राहत नाही.

पेडणेकर_पात्रांव

एक प्रश्न. मुलीला सोडायला जातो तेव्हा क्लासबाहेर बसून कंटाळतो. पन्नाशीत भरतनाट्यम सुरू करता येतं का?

लिंबाचं_लोणचं

त्याला वेगळा धागा काढा पात्रांव. इथे प्लायवूडवर चाललंय.